मोटरहोमचं नेव्हिगेशन सारखं चुकतंय? नवीन यंत्र घ्यायच्या आधी हे तपासून बघा

तक्रार साधारण अशी येते: "दादा, नेव्हिगेशन सारखं गंडतंय. भलत्याच बोळात नेतं. कुठलं चांगलं जीपीएस घेऊ?" विचारणाऱ्याने तोवर दोन यंत्रं तरी बदललेली असतात. आधी फोन, मग अँड्रॉइड स्टिरिओ, मग अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवलेलं गार्मिन कंपनीचं नेव्हिगेशन यंत्र. तरीही पाषाणहून सूसकडे जाताना गाडी परत कुठल्यातरी सोसायटीच्या कमानीपुढे उभी आणि मागे रिक्षांचे हॉर्न.

मी भोसरीत गाड्यांचं वायरिंग करतो. मोटरहोम, म्हणजे ट्रॅव्हलर व्हॅन घेऊन आत पलंग, ओटा, फ्रिज बसवलेल्या गाड्या, अधूनमधून हाताखालून जातात, त्यामुळे ही तक्रार मला पाठ आहे. तिच्या पोटात चार वेगवेगळे बिघाड असतात: फोनची सेटिंग, सिग्नल, वीजपुरवठा आणि नकाशा. पहिले तीन फुकटात नाहीतर थोडक्या पैशात सुटतात. चौथा पैशाने सुटत नाही, आणि लोक नेमके त्याच्यावरच पैसे ओततात.

सगळ्यात आधी सेटिंग

गूगल मॅप्समध्ये आपल्याकडे २०१७च्या डिसेंबरपासून दुचाकीचा पर्याय आहे. पुण्यात घरटी एक स्कूटर. तोच फोन आठवडाभर स्कूटरवर चालतो आणि शनिवारी मोटरहोमच्या काचेला लागतो. वरच्या पट्टीत दुचाकीचं चित्र निवडलेलंच राहिलं, तर ॲप इमानेइतबारे स्कूटरचे रस्ते दाखवतं. बोळ, कालव्याकाठची वाट, सोसायटीमागची पायवाटेसारखी गल्ली. "भलत्याच बोळात नेतं" म्हणणाऱ्यांचा फोन मी आधी इथेच उघडतो.

त्याच्याच शेजारी दोन गोष्टी बघा. "टोल टाळा" चालू आहे का? असेल तर मुंबईला निघालेली गाडी द्रुतगती मार्ग सोडून जुन्या महामार्गाने लोणावळ्याच्या बाजारात शिरेल. आणि इंधन वाचवणाऱ्या रस्त्याला प्राधान्य देण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा. दोन लिटर डिझेल वाचवायला दहा फूट उंच गाडी गावठाणातून काढायची हौस कुणाला नसते.

ठिपका काय करतोय ते बघा

पुढच्या वेळी गोंधळ झाला की गाडी बाजूला घ्या आणि पडद्यावरचा निळा ठिपका नीट बघा. बिघाड कुठे आहे ते तो सांगतो.

ठिपका व्यवस्थित सरकतोय, पण खाली नकाशा कोरा किंवा "रस्ता शोधत आहे" असं फिरतंय, तर गेलंय ते इंटरनेट. उपग्रहाचा सिग्नल घ्यायला मोबाइलची रेंज लागत नाही. ताम्हिणीत मुळशी धरणाच्या पुढे रेंज जाते तेव्हा लोक म्हणतात जीपीएस गेलं. जीपीएस तिथे डोंगराच्या कुशीत नसलात तर ठणठणीत असतं. उपाय: निघण्याआधी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून ठेवणे. गूगलचा उतरवलेला नकाशा वाट दाखवतो, पण वाहतूक कोंडी आणि पर्यायी रस्ते दाखवत नाही, हे धरूनच चालायचं.

ठिपका राखाडी झालाय, गाडी उभी असताना इकडेतिकडे उड्या मारतोय, किंवा वळण गेल्यावर मग वळतोय, तर सिग्नलचं दुखणं. त्याच्याकडे पुढे येतो.

ठिपका बरोबर रस्त्यावर आहे आणि तरी ॲप चुकीचं सांगतंय, तर नकाशा दोषी. यंत्र कितीही महाग असलं तरी नकाशा तोच असेल तर चूक तीच राहणार.

ठिपक्याचा चौथा प्रकार पिंपरी-चिंचवडकरांच्या चांगला ओळखीचा. निगडी ते दापोडी मधून ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकांत न थांबता जाणारा रस्ता, कडेने सर्व्हिस रोड, आणि पिंपरीपासून सोबतीला मेट्रोचा पूल. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनची चूक ५ मीटरच्या आसपास असते, आणि हे दोन रस्ते तेवढ्या अंतरात बसतात. मग तुम्ही आत असता आणि यंत्र तुम्हाला बाहेर समजतं, किंवा उलटं. मर्ज आउट, म्हणजे बाहेर पडायची फट, चुकला की पुढचा येईपर्यंत गप्प बसायचं. चांदणी चौकात २०२३च्या ऑगस्टमध्ये नवीन पूल आणि रॅम्प सुरू झाले, तिथेही हेच. बहुतेक यंत्रं सेकंदाला एकदाच स्थान मोजतात. ताशी ६० किलोमीटरला एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते. रॅम्प फुटतो तिथे एवढा उशीर पुरेसा होतो. याला यंत्राचं औषध नाही. अशा चौकात शिरण्याआधी नकाशा बोटाने पुढे सरकवून कुठला रॅम्प ते बघून घ्या, आणि चालवणाऱ्याने हे करायचं नाही, शेजारच्याने करायचं.

सिग्नल: अँटेना आणि डॅशकॅम

अँड्रॉइड स्टिरिओसोबत काडेपेटीएवढी काळी चौकोनी डबी येते, तळाला चुंबक, मागे लांब वायर. ही जीपीएसची अँटेना. तिला आकाश दिसायला हवं. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, तिथून येणारा सिग्नल इतका क्षीण की पत्र्याचा एक तुकडा त्याला अडवतो. फिटर मात्र घाईत ती डबी स्टिरिओच्या मागेच, लोखंडी ब्रॅकेटखाली, बाकीच्या वायरींच्या गुंडाळीत झिप टायने बांधून टाकतो. वरून सगळं नीटनेटकं दिसतं. चाकणपर्यंत चालतं सुद्धा, कारण बाजूच्या काचांतून थोडाफार सिग्नल मिळतो. घाटात गेलं, दोन्हीकडे डोंगर आले की संपलं.

डॅश उघडा, डबी बाहेर काढा, पुढच्या काचेच्या अगदी खालच्या कडेला, सपाट, वरची बाजू वर करून चिकटवा. डबीला कुठली बाजू वर हे कळतं. उलटी लावलेली मी पाहिली आहे. गाडीच्या केबिनवर पलंगाचा कप्पा पुढे आलेला असेल, जसा ४०७ किंवा आयशरच्या चासीवर बांधलेल्या गाड्यांत असतो, तर डॅशवरूनही आकाश अर्धंच दिसतं. अशा गाडीला डबी छतावर न्यावी. छत एफआरपीचं, म्हणजे फायबरचं, असेल तर आतून चिकटवली तरी चालते, सिग्नल आरपार येतो. ॲल्युमिनियम असेल तर बाहेरच. काही गाड्यांच्या पुढच्या काचेवर उष्णता परतवणारा धातूचा थर असतो, तोही सिग्नल खातो; तिथे आरशामागे ठिपक्याठिपक्यांची जी जागा असते ती बहुधा त्या थरापासून मोकळी ठेवलेली असते.

आता डॅशकॅम, म्हणजे पुढच्या काचेवर लावलेला कॅमेरा. हे दुखणं फार कमी लोकांच्या लक्षात येतं.

जीपीएसचा नेहमीचा सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो. स्वस्त डॅशकॅम, सिगरेट लायटरमध्ये घुसवायचे चार्जर, सोलर कंट्रोलर, इन्व्हर्टर, एलईडी पट्ट्यांचे ड्रायव्हर या सगळ्यांतून थोडा थोडा रेडिओ कचरा बाहेर पडतो आणि नेमका त्याच पट्ट्यात पसरू शकतो. मोटरहोममध्ये ही सगळी मंडळी एका छपराखाली नांदतात. साध्या कारमध्ये छान चालणारा फोन मोटरहोममध्ये भरकटतो तो बऱ्याचदा यामुळे.

तपासणी सोपी आहे. फोनवर जीपीएसटेस्ट नावाचं फुकट ॲप घ्या. ते प्रत्येक उपग्रहाची ताकद आकड्यात दाखवतं. गाडी मोकळ्या जागेत उभी करा, वर झाड नको, शेजारी इमारत नको. सगळं बंद करा. फोन त्याच्या नेहमीच्या जागेवर ठेवून दोन मिनिटं थांबा. चांगले उपग्रह ३५ ते ४५ च्या घरात दिसले पाहिजेत. आता एकेक वस्तू चालू करा: आधी डॅशकॅम, मग चार्जर, मग आतले दिवे, मग इन्व्हर्टर. प्रत्येकानंतर अर्धा मिनिट आकड्यांकडे बघा. एखादी वस्तू चालू करताच सगळे पट्टे एकदम खाली बसले, पंचविशीत आले, तर चोर सापडला. वस्तू फेकून द्यायची गरज नाही. डॅशकॅम आणि नेव्हिगेशन यांच्यात काचेची अख्खी रुंदी ठेवा, डॅशकॅमच्या वायरीवर दोन्ही टोकांना फेराइटची (रेडिओ कचरा अडवणारी) क्लिप लावा, आणि बेनामी चार्जर असेल तर तो बदला. पुण्यात तपकीर गल्लीत फेराइट क्लिप किरकोळ पैशात मिळते.

याच ॲपमध्ये भारताच्या झेंड्यासमोर उपग्रह दिसले तर तुमचा फोन आपले नाविकचे उपग्रह पकडतोय. एल-५ असं लिहिलेलं दिसलं तर दुहेरी फ्रिक्वेन्सीचा फोन आहे, उंच इमारतींत आणि डोंगरात तो कमी भरकटतो. पुढचा फोन किंवा टॅबलेट घेताना ही गोष्ट मागून घ्या. दुकानदार रॅम आणि कॅमेरा सांगेल, हे सांगणार नाही.

वीज

लक्षणं दोन. गाडीला सेल मारला की यंत्र बंद होऊन परत सुरू होतं. किंवा चार्जिंगला लावूनही दुपारपर्यंत बॅटरी उतरते.

पहिल्याचं कारण उघड आहे, स्टार्टर फिरताना गाडीच्या बॅटरीचा दाब पडतो. मोटरहोममध्ये घरासाठी दुसरी बॅटरी असतेच. नेव्हिगेशनची वायर तिच्यावरून घ्या, फ्यूज बॉक्समधून, ५ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घालून.

दुसऱ्यात गंमत वायरीची. तीन मीटरची बारीक यूएसबी केबल, आत २८ गेजची तार. जाऊन-येऊन सहा मीटर तांबं, १ अँपिअर प्रवाह, आणि ५ व्होल्टमधले सव्वा व्होल्ट वाटेतच खलास. यंत्रापर्यंत पोहोचतात पावणेचार. चार्जिंगचं चिन्ह दिसतं, बॅटरी मात्र उतरत राहते. १२ व्होल्टची जाड वायर डॅशपर्यंत न्यायची, ५ व्होल्टचा कन्व्हर्टर तिथे बसवायचा, आणि शेवटची केबल हातभरच ठेवायची.

उन्हाचंही इथेच सांगतो. आयफोनसाठी ॲपलने सांगितलेली बाहेरची मर्यादा ० ते ३५ अंश आहे. एप्रिलमधल्या पुण्यात डॅशवर काय होतं ते वेगळं सांगायला नको. पडदा मंद होतो, चार्जिंग थांबतं, शेवटी यंत्र झोपतं. काचेवरून काढून एसीच्या झरोक्यापुढे लावा. हातात धरण्याचा तर प्रश्नच नाही. मोटार वाहन नियमांत २०२०च्या ऑक्टोबरपासून रस्ता शोधण्यापुरता फोन वापरायला परवानगी आहे, तीही लक्ष विचलित होणार नाही अशाच पद्धतीने.

उंची: जे यंत्राला माहीतच नाही

युरोपात गार्मिनची कॅम्पर आणि टॉमटॉमची गो कॅम्पर ही यंत्रं मिळतात, अमेरिकेत गार्मिनचं तसंच यंत्र आरव्ही नावाने. पहिल्यांदा चालू केलं की ती गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन विचारतात आणि त्याप्रमाणे कमी उंचीचे पूल टाळतात. ते जमतं कारण तिथल्या नकाशांत पुलापुलाची उंची भरलेली असते. हुशारी नकाशाची आहे. तेच यंत्र भाच्याने पुण्यात आणलं तर त्यात आपला नकाशाच नसतो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून भरलेल्या खुल्या नकाशावरून बनवलेला फुकट नकाशा मेमरी कार्डवर टाकून चालवता येतं. पण उंचीचा रकाना तुम्ही भरला तरी समोर ताडून बघायला काही नसलं की यंत्र तुम्हाला साध्या मोटारीसारखं कुठेही नेतं. पत्ता शोधणंही जड जातं.

गूगलमध्ये गाडीची उंची भरायला जागाच नाही. २०२४च्या जुलैत त्यांनी चारचाकींसाठी अरुंद रस्ते टाळण्याची सोय आणली. हैदराबाद, बंगळुरू, चेन्नई, कोइमतूर, इंदूर, भोपाळ, भुवनेश्वर, गुवाहाटी अशा आठ शहरांपासून सुरुवात झाली. पुणे त्या पहिल्या यादीत नव्हतं. आणि तो हिशेब साध्या मोटारीच्या रुंदीचा, छतावर एसी आणि सोलर बसवलेल्या गाडीचा नाही. मॅपल्स ॲपचं चौकातलं चित्र मला जास्त आवडतं, पुलावर जायचं की खालून ते लवकर कळतं. उंचीचा प्रश्न तरी उरतोच.

उरतं ऑसमअँड, ओपनस्ट्रीटमॅपच्या नकाशावर चालणारं ॲप. दिसायला ओबडधोबड आहे, शिकायला एक संध्याकाळ जाते. पण गाडीची उंची, रुंदी आणि वजन खरोखर विचारतं आणि नकाशात नोंद असेल तर तो रस्ता टाळतं. आपल्याकडे नोंदी विरळ आहेत. चांगली बाजू ही की नोंद तुम्ही स्वतः करू शकता. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढायचं, उंची अडवणारा आडवा लोखंडी बार किंवा भुयारी मार्ग नकाशात शोधायचा, पाटीवरची उंची भरायची. महिन्याभराने नवीन नकाशा उतरवला की ती तुमच्या आणि बाकी सगळ्यांच्या यंत्रात येते. खडकीच्या रेल्वे पुलाखालून कुणीतरी रोज जातं. पाटी वाचून नोंदवायला दोन मिनिटं.

पण त्याआधी आपली उंची तरी माहीत हवी. आरसी बुकातला आकडा कंपनीतून निघालेल्या गाडीचा असू शकतो, छतावर काय काय चढलं ते त्यात नसतं. मोजायचं असं: सपाट फरशीवर गाडी उभी करा, चाकांत नेहमीची हवा. पाण्याची टाकी रिकामी, सामान उतरवलेलं, कारण रिकामी गाडी स्प्रिंगच्या पाट्यांवर उचललेली असते आणि तीच तुमची खरी जास्तीत जास्त उंची. छतावरच्या सगळ्यात उंच वस्तूवर, बहुधा एसी किंवा झरोक्याचं झाकण, ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी ठेवा, लेव्हल लावा, बाहेर आलेल्या टोकापासून ओळंबा सोडा आणि टेप लावा. आलेल्या आकड्यात १५ सेंटीमीटर मिळवा. मीटर आणि फूट दोन्हींत लिहून सनव्हायजरवर चिकटवा. पाटीवर ३ मीटर दिसल्यावर डोक्यात फुटांचा हिशेब करत बसायला वेळ नसतो.

पाटी नसलेल्या जागा वेगळ्याच. पेट्रोल पंपाचं जुनं छत, मॉलचं पार्किंग, गावच्या स्वागत कमानी, जुन्या रस्त्यांवरचे वडाचे फाटे, लोंबलेल्या वायरी. इथे शेजारच्याने खाली उतरून बघायचं, बस.

काही गोष्टी उंचीच्या नाहीत, हंगामाच्या आहेत, पण चुकतात त्याच पद्धतीने. पावसाळ्यात दरडींमुळे वरंधा घाट बंद ठेवतात, यंत्र मात्र भोरवरून महाडला बिनदिक्कत रस्ता आखतं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो. आषाढात पालखीच्या दिवशी दिवे घाट वाहनांसाठी बंद असतो. निघण्याआधी जिल्हा प्रशासनाची बातमी बघा, आणि घाटाच्या पायथ्याला चहाच्या टपरीवर विचारा. टपरीवाल्याने त्या दिवशी घाटातून उतरलेली वाहनं मोजलेली असतात.

मग घ्यायचं काय

हे सगळं करूनही यंत्र घ्यायचंच असेल, तर माझं मत सरळ आहे. आठ ते दहा इंचांचा सिमकार्डवाला टॅबलेट, शक्यतो एल-५ असलेला, पक्क्या स्क्रूच्या स्टँडवर. आयपॅड घेणार असाल तर सेल्युलरच घ्या. फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसच नसतं, आणि हे घरी आल्यावर कळतं. त्यात दोन ॲप ठेवा: रहदारीसाठी गूगल किंवा मॅपल्स, उंचीसाठी ऑसमअँड. टॅबलेटवर सिग्नल पुरेना तर ब्लूटूथवर चालणारा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो, तो छताजवळ ठेवता येतो.

अँड्रॉइड स्टिरिओ वाईट नाही, पण ४ जीबी रॅमच्या खाली घेऊ नका आणि अँटेना कुठे लावणार ते फिटरला लावण्याआधी विचारा. काही स्टिरिओ स्वतःचं स्थान फोनला पुरवतात, त्यामुळे अँड्रॉइड ऑटोवर चांगला फोनही चुकायला लागतो. फोन काढून एकटा चालवला की बरोबर दाखवतो, असं झालं तर दोष स्टिरिओच्या अँटेनाचा.

दुकानात नुसतं "गाडीचं जीपीएस" मागू नका. प्रवासी आणि माल वाहतुकीच्या गाड्यांना लावतात तो ट्रॅकर काउंटरवर येईल, जो गाडी कुठे आहे हे मालकाला सांगतो, चालवणाऱ्याला वाट दाखवत नाही. गार्मिनचं कॅम्पर यंत्र युरोपात मोटरहोम भाड्याने घेऊन फिरणार असाल तर जरूर घ्या. इथे त्याचे अर्धे पैसे वाया.

आणि जुन्या बाजारात एखादं जुनं नेव्हिगेशन यंत्र स्वस्तात दिसलं, तर घासाघीस करण्याआधी मोकळ्या आकाशाखाली दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून त्याची तारीख बघा. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीपट्टा दर १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, शेवटचा ६ एप्रिल २०१९ला आला. सुधारणा न केलेली यंत्रं तेव्हापासून तारीख जवळजवळ वीस वर्षं मागे दाखवतात. अशा यंत्राचे नवे नकाशेही सहसा येत नाहीत, म्हणजे चांदणी चौकात ते अजून तुम्हाला २०२२ साली पाडलेल्या पुलावरून नेईल.